घमेल्यातले बूट

आमच्या गावच्या यात्रेत गल्लीला लागलेल्या गाड्यांच्या नंबरपाट्या वाचत गेलं तर देश फिरून आल्यासारखं होतं. तमिळनाडू, केरळ, बंगाल, पंजाब, एखादी आसामची. विट्याच्या आसपासची आमची गावं अशीच. घरटी एक माणूस फौजेत, नाहीतर गलाईत. गलाई म्हणजे सोनं गाळायचं काम. मोडीतले दागिने, सराफाच्या दुकानातली झाडलोट, जे येईल ते मुशीत घालून वितळवायचं, तेजाबात, म्हणजे कडक ॲसिडात, शिजवायचं आणि चोख सोनं वेगळं काढायचं. वर्षभर माणूस कुठंही असो, यात्रेला गावात पाहिजे.

मी आठवीतनं शाळा सोडली आणि आण्णांबरोबर मिरजेला गाडीत बसलो. आण्णा म्हणजे आमचे मालक, आमच्याच गल्लीतले. दुकान दक्षिणेला, मिरजेपासून गाडीनं दीड दिवस लांब. त्याला आता अठरा वर्षं झाली. आण्णांनी मला भट्टी शिकवली, तिकडची भाषा शिकवली. मला टायफॉइड झाला तेव्हा उशाशी बसून पेज पाजली. आईच्या पोटाचं ऑपरेशन मिरजेला झालं तेव्हा मी तिकडं मुशीपुढं होतो, आणि आण्णांच्या घरची गाडी आईला घेऊन गेली. आण्णांच्या मंडळी, त्यांना आम्ही काकी म्हणतो, दवाखान्यात सहा दिवस तिच्याजवळ राहिल्या. हे विसरलो तर माझ्यासारखा हलकट मीच. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रागाचं आहे, आणि राग आला की मला पहिली भीती ही वाटते की आपण उपकार विसरलो का काय.

यंदा यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आण्णांच्या नव्या बंगल्यात जेवण होतं. रस्सा-भाकरी झाल्यावर बाप्ये हॉलमध्ये पसरले. मी दाराजवळ खाली बसलो. सोफ्यावर जागा होती, पण आण्णांच्या समोर सोफ्यावर बसायचं मला अजून जमत नाही. आण्णांच्या सुनेनं टीव्ही लावला. आग विझवणाऱ्या माणसांवरची डॉक्युमेंट्री चालली होती. परदेशातलं कुठलंसं शहर, बोलणं हिंदीत केलेलं.

"कुस्ती लाव की गं," कुणीतरी पडल्या पडल्या म्हणालं.

"ऱ्हाऊ दे," आण्णा म्हणाले. "आगीचं हाय. आपल्याच धंद्यातलं हाय."

सगळे हसले. मीही हसलो.

पहिल्यांदा काही विशेष नव्हतं. त्या लोकांचं ठाणं दाखवलं. भिंतीला लागून बुटांची रांग. प्रत्येक जोडात विजारीचे पाय आधीच घालून ठेवलेले आणि विजार खाली दुमडलेली. घंटा झाली की माणसानं बुटात पाय घालायचे आणि विजार वर ओढायची, म्हणजे वेळ जात नाही. मला ती तयारी लय आवडली. आमच्या कामातही चिमटा कुठल्या हाताला, पाणी कुठल्या हाताला, हे आधीच ठरलेलं असतं. नुसत्या बुटांची रांग बघून मी आपले पाय जवळ ओढून घेतले, ते मात्र का ते मला तेव्हा कळलं नाही. खरं तर कळलं होतं, मी तिकडं बघितलं नाही.

मग एक म्हातारा आग विझवणारा बोलायला लागला. रिटायर झालेला, एका पायानं लंगडणारा. सांगत होता, एका इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर चढले तर दाराला कुलूप. आतनं दार वाजत होतं. यांनी घाव घालायला सुरुवात केली, आतनं वाजतच होतं. दार फुटलं तेव्हा वाजायचं थांबलेलं होतं. कॅमेरा त्याच्याकडं बघत राहिला आणि तो स्वतःच्या हाताकडं.

माझ्या तोंडातनं आवाज फुटला. मोठा नव्हता, पण हॉलमध्ये ऐकू जाईल एवढा होता. मी टॉवेलात तोंड घातलं. थोड्या वेळानं डोळे पुसून बघतो तर आण्णाही उपरण्यानं डोळे टिपत होते.

"देवमाणसं, गड्या," ते म्हणाले. आवाज घोगरा झाला होता. "दुसऱ्यासाठी आगीत शिरायचं म्हंजे काय खायाचं काम हाय व्हय? आपल्याच्यानं न्हाई व्हायचं."

त्या एका मिनिटात आण्णांबद्दल मला जेवढी माया वाटली तेवढी टायफॉइडमध्येसुद्धा वाटली नसेल. वाटलं, आता हे बोलतील. ती गोष्ट आता यांच्या तोंडातनं निघणार, आणि यांनाही ती तशीच डाचत असणार जशी मला डाचते.

आणि आण्णा बोलले. उपरणं खांद्यावर टाकलं, मांडी बदलली आणि हसत म्हणाले, "आमच्या दुकानाला बी लागली हुती की आग. सांगतो आयका, गंमत हाय."

त्यांची गंमत सांगायच्या आधी काय झालं होतं ते मी सांगतो.

दोन वर्षं झाली त्याला. आमचं दुकान एका बोळात, पहिल्या मजल्यावर. जिना एकच. जिन्याच्या डोक्यावर लोखंडी जाळीचं दार. आण्णा सराफकट्ट्यावर माल पोचवायला निघाले की जाळीला बाहेरनं कुलूप लावायचे आणि किल्ली खिशात टाकून जायचे. आत सोनं, आणि सोन्याबरोबर आम्ही चौघं. मी आलो त्या दिवसापासून ही रीत होती, म्हणून तिचं काही वाटत नव्हतं. घरात तुळशीवृंदावन असतं तसं दाराला कुलूप असतं.

दुसरी रीत घमेल्याची. जाळीपाशी पाण्याचं घमेलं ठेवलेलं. बाहेर जाणाऱ्या माणसानं त्यात पाय धुवायचे, हात धुवायचे, मगच पायरी उतरायची. सोन्याचे कण अंगाला, तळव्याला चिकटतात. ते पाणी टाकायचं नाही, पिंपात साठवायचं, खाली बसलेला गाळ महिन्यानं गाळायचा. ही रीत मात्र मला पटते. त्यात सोनं असतंच.

त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला आण्णा कट्ट्यावर गेले होते आणि गॅसची नळी फुटली. लाकडी फळीला जाळ लागला, फळीवरचा तेजाबाचा कॅन वितळला आणि तांबूस धूर उठला. तो धूर छातीत गेला की माणूस खोकतही नाही, नुसता तोंड उघडून राहतो. आम्ही चौघं जाळीला येऊन भिडलो आणि जाळी वाजवायला लागलो. मी आण्णांना फोन लावला. "आलोच, आलोच," ते म्हणाले. आले पण. पण तोवर बोळाच्या तोंडाला बंब आडवा लागला होता आणि पोलीस कुणाला आत सोडत नव्हते. किल्ली बोळाच्या त्या टोकाला आणि आम्ही ह्या टोकाला.

आमच्यात एक कोयनेकडचा म्हातारा कामगार आहे. त्याच्या लहानपणापासून तिकडं भूकंपाचे धक्के, त्यामुळं कुठंही गेला तरी दाराजवळची जागा धरतो. दुकानातही त्याचं बूड जाळीजवळच. त्या दिवशी सगळ्यांत आधी त्यानं जाळी वाजवायचं सोडलं आणि खाली बसला. मी त्याला लाथ मारली. "वाजव की," म्हणालो. तो माझ्याकडं बघत राहिला.

मग बंबवाले जिन्यानं वर आले. पुढचा माणूस उंच होता, तोंडावर नळीचा मुखवटा. त्यानं हातानं मागं सरा अशी खूण केली, कापायचं मशीन लावलं, ठिणग्या उडाल्या. कुलपाची कडी तुटली. तिघं बाहेर पडले. मी पडलो नाही. मी मागं फिरलो, कोपऱ्यातला झाडलोटीचा डबा आणायला. मला कुणी सांगितलं नव्हतं. सोळा वर्षांच्या सवयीनं पाय आपोआप तिकडं वळले. डबा गेला तर आण्णांना काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात. तो उंच माणूस माझ्यामागं परत आत आला, माझी मानगूट धरली आणि करडू उचलावं तसं मला काखेत घेऊन बाहेर काढलं. येताना वरची फळी त्याच्या हातावर पडली.

अर्ध्या तासात आग विझली. आण्णा वर आले. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "कुणाला काय झालं न्हाई न्हवं?" हे त्यांनी विचारलं होतं, मी नाही म्हणणार नाही. आम्ही चौघांनी मुंड्या हलवल्या. मग ते खाली बघत राहिले. फरशीवर घोट्याएवढा काळा चिखल झाला होता, आणि त्यातनं बंबवाले नळ्या गोळा करत ये-जा करत होते. आण्णांनी माझ्या कानाला तोंड लावलं.

"सगळा माल ह्यांच्या बुटाला निघालाय. घमेलं घे. जाळीपाशी धर."

मी घेतलं. अजून तोंडात तेजाबाची चव होती, आणि मी जाळीच्या तुटलेल्या दारात उकिडवा बसून घमेलं धरलं. पहिले तिघं-चौघं आले, त्यांनी चिखल धुवायची सोय समजून बूट बुडवले आणि गेले. शेवटी तो उंच माणूस आला. मुखवटा काढलेला. चाळिशीचा असेल, मिशीला काजळी. मला खाली बसलेलं आणि पुढं घमेलं बघून तो थांबला. त्यानं पाय मागं घेतला.

"नको, भाऊ, नको," तो त्याच्या भाषेत म्हणाला. "हे आमचं कामच आहे."

त्याला वाटलं, जीव वाचवला म्हणून मी त्याचे पाय धुतोय.

मला भाषा येत होती. एका वाक्यात सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. मी वर बघून नुसता हसलो आणि घमेलं पुढं सरकवलं. तो लाजला. एवढा दांडगा माणूस, लाजला. मग त्यानं एकेक बूट हळूच पाण्यात ठेवला आणि मी तांब्यानं पाणी सोडून, बोटं फिरवून, तळव्याच्या खाचांतला चिखल काढला. नीट काढला, कारण खाचांतच जास्त असतो. त्यानं वाकून माझ्या डोक्यावर हात ठेवला. हातमोजा आणि बाही यांच्या मध्ये मनगटाची कातडी सोलवटून निघाली होती. मग दोन्ही हात जोडून तो जिना उतरला.

चार दिवसांनी त्या घमेल्यातला गाळ आम्ही गाळला. ज्वारीच्या दाण्याएवढं सोनं निघालं. आण्णांनी ते तळहातावर घेऊन मला दाखवलं. "बग, गेलं असतं." आणि मी हसलो. त्यांना बरं वाटावं म्हणून हसलो.

तर हॉलमध्ये आण्णांनी सांगितली ती ही गोष्ट. त्यांच्या सांगण्यात आग दोन वाक्यांत विझली आणि बाकी सगळी गोष्ट घमेल्याची झाली. त्यांनी उठून, चालून दाखवलं, तो माणूस कसा पाय मागं घेतो, कसा लाजतो.

"त्येला वाटलं आमी त्येची पूजाच मांडलीया! हात जोडून गेला, बिच्चारं. आन हिकडं ह्यो," माझ्याकडं बोट, "ह्यो पट्ट्या बोटानं खाचा उकरतोय."

हॉल हसला. पडलेले उठून बसले हसायला. टीव्हीवर अजून तीच माणसं होती, आता कुणाच्या तरी पेटीवर झेंडा घालून खांद्यावरनं नेत होती. पाच मिनिटांपूर्वी ज्यांच्यासाठी आण्णांनी डोळे पुसले, तीच माणसं. मला आण्णांचा राग आला, हसणाऱ्यांचा आला, आणि सगळ्यांत जास्त माझ्या त्या बोटांचा आला.

हसले नाहीत ते एकटे सुभेदार. काकींचे भाऊ, फौजेतनं रिटायर झालेले. ते पाण्याचा पेला खाली ठेवत म्हणाले, "दाजी, येक इचारू?"

"इचार की."

"जाळी कापावी का लागली? किल्ली कुठं हुती?"

आण्णांनी खांदे उडवले. "माझ्यापाशी. मी कट्ट्यावर गेलतो न्हवं का."

"म्हंजे कुलूप भायेरनं?"

"मग? आत सोनं असतंय, पावनं. लोकांचं सोनं."

"आन माणसं?"

"माणसं आपलीच की."

हे त्यांनी इतकं सहज सांगितलं की क्षणभर मलाही ते बरोबर वाटलं. मग आण्णा माझ्याकडं वळले. "काय रं? सांग की सुभेदारास्नी. तुमास्नी कदी काय कमी केलं का मी?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मला पाठ आहे. न्हाई आण्णा. अठरा वर्षं मी ते देत आलोय, आणि ते खोटंही नाही. मी तोंड उघडलं ते तेच म्हणायला. पण निघालं दुसरंच.

"अजून भायेरनंच लागतंय, सुभेदार," मी म्हणालो. "जुनी जाळी कापली गेली म्हणून नवी जाड गजाची केलीया."

सुनेनं टीव्हीचा आवाज बारीक केला.

"अस्सं," आण्णा म्हणाले. "मग?"

परवा परत जायचं होतं. आण्णांनी दुकानातनं नीघ म्हटलं असतं तर आठवी नापासाला दुसरं कोण उभं करणार होतं? आणि तरीही तोंड थांबेना.

"आण्णा, मी आलो त्या दिवशी तुमी मला पयली गोष्ट काय शिकवलीसा? मूस उलटली तर सोन्यामागं धावायचं न्हाई, आधी पाय मागं घ्यायचा. सोनं जळत न्हाई, ते राखंतनं बी निघतं. तुमीच सांगितलं हुतं."

"व्हय. सांगितलं हुतं."

"मग कुलूप कशाला? त्या दिवशी सोनं राखंतनं निघालंच असतं. आमी न्हाई निघालो असतो."

आण्णांचं तोंड तांबडं झालं. "लय बोलाय लागलास. तुजी आय मिरजेला पडली हुती तवा..."

"आवं, ते काडू नका," स्वयंपाकघराच्या दारातनं काकी म्हणाल्या. हात पिठाचे होते. "तिला मी घिऊन गेल्ते. मी ऱ्हायले तिच्याजवळ. त्येचं कुलूप करून त्येच्या तोंडाला लावू नका."

"तू मदी पडू नगंस."

"पडती की. तुमी जावा, बसा येक दिस जाळीच्या आत. मी भायेरनं लावती आन बाजारला जाती."

कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. आण्णा उठून वरच्या मजल्यावर गेले. मी चप्पल घातली आणि घरी आलो. आईला काही सांगितलं नाही, पण तिला तासाभरात कळलं होतं. ती एवढंच म्हणाली, "खरं बोललास. पर त्येंच्याच घरात जेवून बोललास." दोन्ही खरं होतं. रात्रभर मला त्यातलं कुठलं जास्त खरं ते ठरवता आलं नाही.

दरवर्षी आण्णा मागं थांबतात, पण मला मिरजेला गाडीवर सोडायला स्वतः येतात. यंदा येणार नाहीत असं धरून मी एस.टी.ची वेळ विचारून ठेवली होती. तर सकाळी दारात हॉर्न वाजला. बसलो. तासगाव मागं गेलं, द्राक्षाच्या बागा गेल्या, आण्णा एक शब्द बोलले नाहीत. मी दोनदा घसा साफ केला आणि दोनदा खिडकीतनं बाहेर बघितलं. फलाटावर गाडी लागल्यावर त्यांनी कनवटीची जाळीची किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"माजं गुडगं आता कट्ट्यावर हेलपाटं घालंना. ह्येच्या फुडं माल घिऊन तूच जा. मी यीन महिन्या-दोन महिन्यानं. कुलूप लाव न्हाईतर नगं लावू, तुजं तू बग." मग माझ्या डोळ्यांत न बघता, "पर रवाभर जरी कमी भरलं, तर मी तुला इचारणार. त्या तिगास्नी न्हाई."

हा विश्वास म्हणायचा का सूड, हे मी दीड दिवस गाडीत बसून ठरवत होतो. अजून ठरलेलं नाही.

परत गेल्यावर दुसऱ्याच दिवशी माल पोचवायचा होता. पिशवी कमरेला बांधली, घमेल्यात पाय धुतले, जाळीबाहेर आलो. आणि कुलूप लावलं. विचार करून लावलं असतं तर एक वेळ बोलता आलं असतं, पण विचारही केला नव्हता. हातानं कडी ओढली, कुलूप दाबलं, खट् झालं, किल्ली खिशात गेली आणि मी जिना उतरून बोळाच्या तोंडाशी आलो. जिथं बंब उभा होता तिथं. तिथं मला त्या खट्चा आवाज ऐकू आला. इतका संताप मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. भर सभेत आण्णांना शहाणपण शिकवून आलेला मी, आणि किल्ली माझ्या खिशात.

धावत वर आलो, कुलूप काढलं. कोयनेकडचा म्हातारा नेहमीसारखा जाळीला टेकून बसला होता.

"काय विसरलास?"

"कुलूप विसरलो," मी म्हणालो. "आजपासनं लावायचं न्हाई."

म्हातारा खूश होईल असं मला वाटलं होतं. त्यानं मान हलवली. "लाव बाबा तू. कुलूप असलं म्हंजे कुणी आमच्याकडं बोट दावत न्हाई. उद्या कमी भरलं तर म्हणतील, दार उगडं हुतं, ह्येंनीच काडलं."

"मी सांगीन की आण्णास्नी."

"तू सांगशील. तुला काडलं तर मग आमचं कोण सांगणार?"

बाकीच्या दोघांनीही माना डोलावल्या. मला ओरडावंसं वाटलं. "आरं, त्या दिवशी तूच खाली बसला हुतास, वाजवायचं सोडून. मी लाथ मारली तुला."

"व्हय," तो म्हणाला. "बसलो हुतो. मला वाटलं, झालं आता." त्यानं गजावरनं हात फिरवला. "लाथ बी ध्येनात हाय."

बोळाच्या तोंडाशी मला कट्ट्यावर न्यायला आलेला गाडीवाला हॉर्न मारत होता. शेवटी म्हाताऱ्यानंच हात पुढं केला. "आन हिकडं. आतनं लावू. भायेरचा कोण आत येणार न्हाई, आन आमी कवाबी भायेर पडू. किल्ली खिळ्याला."

मी हातोडी आणली आणि चौकटीशेजारी, डोक्याच्या उंचीवर, खिळा धरला.

"वर नगं," म्हातारा म्हणाला. "धूर झाला की माणूस खालीच बसतो. मला ठावं हाय. हितं ठोक." आणि त्यानं बसल्या बसल्या भिंतीवर बोट ठेवलं, गुडघ्याच्या उंचीवर.

खिळा तिथं ठोकला. जाणारे-येणारे सराफाचे नोकर विचारतात, किल्ली एवढ्या खाली कशाला. आम्ही सांगत नाही.

आग विझवणाऱ्यांचं ठाणं बाजाराच्या वाटेवर आहे. आल्यापासून दोनदा मी समोरनं गेलो. दार उघडं असतं, आतली लाल गाडी दिसते, आणि भिंतीशी बूट दिसतात, त्या टीव्हीतल्यासारखेच. आत जाऊन त्या माणसाला शोधावं असं वाटतं. पण माफी मागायची तर आधी सांगावं लागेल की घमेलं कशाला होतं. मग त्यानं ज्या गोष्टीसाठी हात जोडले होते ती गोष्ट त्याच्याकडची काढून घेतल्यासारखं होईल. मी पुढं चालत राहतो. हेही भित्रेपण आहे, कळतं मला.

आठवड्यानं आण्णांचा फोन आला. आधी पाऊसपाणी, मग आईची तब्येत. मग म्हणाले, "कुलपाचं काय केलंस?"

"आतनं लावतोय, आण्णा. किल्ली खिळ्याला."

मला वाटलं, आता संपलं.

"आन घमेलं?" त्यांनी विचारलं.

"घमेलं हाय जाग्यावर."

"बरं मग," असं म्हणून त्यांनी ठेवला.

घमेलं जाग्यावर आहे, आणि रोज संध्याकाळी आम्ही चौघं त्यात पाय धुतो. ते धुवायला पाहिजेत. पण पुन्हा कधी बंबवाले ह्या जिन्यानं चढले, तर पहिलं काम मी ते घमेलं पालथं घालायचं करणार आहे. हे आण्णांना अजून सांगितलेलं नाही. आले की सांगीन.